बिनतोंडाचं बाळ

"याला तोंड कावून न्हाई, बाई?"

शिवकन्येनं विचारलं आणि ती थांबली. डाव्या तळहातावर कापडाचं बाळ उताणं, उजव्या हाताच्या करंगळीला मऊ फडकं गुंडाळलेलं, आणि ती करंगळी बाळाच्या कोऱ्या चेहऱ्यापुढं हवेत तशीच उभी. भोवती बसलेल्या बायकांतली एक फिसकन हसली. वत्सलाबाई खाटेच्या उशाशी उभ्या राहून रोजच्यासारखा पाठ म्हणत होत्या. डोकं आलं, गळ्यात नाळ नाही ना बघा, खांदा, दुसरा खांदा, बाळ हातात, आता तोंड पुसा. 'तोंड पुसा' नंतर 'पाठ चोळा' यायचं, ते त्यांच्या तोंडातच राहिलं. या खोलीतून कितीतरी बायका सुईणपण शिकून आपापल्या गावी गेल्या होत्या. त्यांतल्या प्रत्येकीनं या जागी करंगळी हवेत फिरवली होती आणि पुढची पायरी धरली होती. नैवेद्याभोवती पाणी फिरवावं तसं बोट फिरवायचं, की झालं. आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. वत्सलाबाईंना वाटलं, आपण भर रस्त्यानं चाललो आहोत आणि मागून कुणीतरी आपल्याला माहेरच्या नावानं हाक मारली आहे.

"मनानं पुसायचं," त्या म्हणाल्या. "कापडाचं हाय ते. चल पुढं."

"मनानं पुसलं तर बोट कुठवर घालावं, ते कसं कळावं?"

शिवकन्येच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून ती विचारत होती, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. उत्तर आलं नाही तसा तिचा हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग मनगट, मग बाळाच्या खालचा तळहात. मागच्या परीक्षेत हीच थरथर चढत चढत खांद्यापर्यंत गेली होती आणि बाळ तिच्या हातून फरशीवर पडलं होतं. डोकं खाली, असा आवाज करून, की परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा डोळे मिटून घेतले होते. शिवकन्या नापास झाली होती. तलवाड्याची ही पोर, नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला तेव्हा मिसरूड न फुटलेला होता असं ती सांगायची. उद्या तिची दुसरी परीक्षा होती आणि तिसरी कुणालाच मिळत नसे. वत्सलाबाईंनी बाळ तिच्या हातातून घेतलं, टोपलीत ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं की आजच्यापुरतं पुरे, जाऊन जेवा. बायका पांगल्या. शिवकन्या तेवढी दाराशी घुटमळली, मग तीही गेली. करंगळीचं फडकं तिनं काढलंच नव्हतं.

बीडच्या त्या जनानी दवाखान्यात वत्सलाबाईंचं काम म्हटलं तर लहान आणि म्हटलं तर फार मोठं होतं. शिकवायच्या त्या डॉक्टरीणबाई, त्यांचं शिकवणं उर्दूत, तेही धावतपळत. वत्सलाबाईंनी बायकांना तयार करायचं. "इनका डर निकालो," एवढंच डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्या दुसऱ्या खोलीत निघून गेल्या होत्या. भीती काढा म्हणे. जसा पायातला काटा. पण वत्सलाबाईंनी ती काढायची रीत बसवली होती. नव्या बायकांना त्या कितीतरी दिवस बाळाला हात लावू देत नसत. आधी सुपात ज्वारी निवडायला बसवायच्या, वाती वळायला लावायच्या आणि बोलतं करायच्या. हात कामात असला की जीभ सैल होते, आणि जीभ सैल झाली की पोटातलं भ्या बाहेर पडतं. कुणाला रक्ताची भीती, कुणाला डॉक्टरीणबाईंच्या बुटांच्या आवाजाची, कुणाला उर्दूची. पण सगळ्यांत मोठी भीती होती ती खोट्या बाळंतपणाची. कुणाला दिवस गेलेले नसताना बाळंतपण करायचं, कळा नसताना विव्हळायचं, नसलेलं बाळ बाहेर काढायचं, हे बायकांच्या पचनी पडत नव्हतं. असलं खोटं केलं की कुणाच्या तरी खऱ्या पोटावर जातं, असं त्या कुजबुजायच्या. म्हणून वत्सलाबाई रोज आधी टोपलीला हळदकुंकू लावत. तळ काढलेली ती टोपली बाळंतिणीच्या गुडघ्यांमध्ये ठेवायची, वरून गोधडी टाकायची आणि तिच्यातून बाळ यायचं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपकाही होता. गाल नव्हता, म्हणून तो तळपायाला लावलेला.

खाटेवर बाळंतीण म्हणून निजायला मात्र कुणी तयार होईना. जिला अजून लेकरू हवं होतं ती घाबरायची आणि जिला नको होतं ती जास्तच घाबरायची. शेवटी दवाखान्यातली आया अमिनाबी निजायला लागली. तिची पोरं केव्हाच मिशीवाली झाली होती. अमिनाबी अशी विव्हळायची की बाहेरच्या खऱ्या पेशंट बायका दारातून डोकवायच्या, आणि कधी कधी विव्हळता विव्हळता घोरायला लागायची. मग बायका हसायच्या. त्या हसल्या की वत्सलाबाई ओळखायच्या, आता हिच्या हातात बाळ द्यायला हरकत नाही. हात चुकला, नाळ तुटली, बाळ घसरलं, तरी त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असे: कापडाला काही होत नाही. दिवसातून किती वेळा त्या हे म्हणत असतील. कापडाला काही होत नाही, पुन्हा कर. हे ऐकलं की बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटायचा. पुन्हा करता येतं, या एवढ्याशा गोष्टीत केवढा दिलासा असतो, हे वत्सलाबाईंना कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

बाळ त्यांनी स्वतः केलं होतं. स्वतःच्या जुन्या लुगड्याचं, आत कापूस, वजनाला ज्वारी, आणि डोक्याला वाळका भोपळा, मुठीपेक्षा थोडा मोठा, वरून कापड ताणून शिवलेला. डोकं कडक हवं, नाही तर हाताला सवय होत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं. बाळ बघून त्या खूष झाल्या होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या होत्या की चेहरा राहिलाय. तेव्हा वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, अमिनाबीला चालत नाही, त्यांच्यात चेहरा काढत नाहीत. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं पटकन आणि इतकं सरळ निघालं होतं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. अमिनाबीनं एकदा काही म्हटलं होतं हे खरं. दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी भिंतीवर बाई काढली होती ती बघून ती म्हणाली होती की जो चेहरा बनवतो, त्याला कयामतीच्या दिवशी सांगतील, आता घाल यात जीव. बाकीच्या बायका ऐकून विसरल्या. वत्सलाबाई विसरल्या नाहीत. ते वाक्य त्यांनी उचलून आपल्या पेटीत ठेवावं तसं ठेवलं होतं आणि वेळ आली तेव्हा काढून वापरलं होतं.

आज त्या तशाच न जेवता मागच्या पडवीत गेल्या. अमिनाबी कडुनिंबाच्या सावलीत भाकरी खात बसली होती. बाळाला तोंड करायचं मनात आहे, तुला चालेल का, असं त्यांनी विचारलं. अमिनाबीनं घास गिळला आणि त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं की मला न चालायला काय झालं. वत्सलाबाईंनी भिंतीवरच्या बाईची आठवण करून दिली.

"वो मैं एक बात बोली थी," अमिनाबी म्हणाली. "डर तुमको लगा बाई, मेरेको नहीं लगा."

एवढं बोलून ती पुन्हा भाकरीकडं वळली. तिला त्यात काही विशेष वाटलं नसावं. वत्सलाबाई मात्र चोरी सापडल्यासारख्या तिथून निघाल्या. दवाखान्याच्या फाटकाशी एक बैलगाडी सोडलेली होती आणि गाडीच्या सावलीत शिवकन्येचा दीर धुळाजी पागोटं उशाला घेऊन पडला होता. त्यांना बघताच उठून बसला. माणूस वाईट नव्हता, उलट बोलायला मऊ होता, आणि त्यामुळंच त्याच्यापुढं काही म्हणता येत नसे. उद्या जमलं तर शिवकन्येला तेलगावला सुईण म्हणून नेमणार, राहायला खोली देणार, हे त्याला माहीत होतं.

"न्हाई जमलं तर मी घिऊन जातो, बाई," तो म्हणाला. "भावजय हाय, उपाशी न्हाई ठिवणार. पर मग पुन्यांदा घराभाईर न्हाई सोडणार. लोकं बोलायलेत."

वत्सलाबाईंनी मान हलवली. तलवाड्यात त्या एका घरात, एका चुलीपुढं, शिवकन्या म्हातारी होईपर्यंत कशी बसलेली असेल हे त्यांना गाडीच्या सावलीत लख्ख दिसलं. त्या परत खोलीत आल्या, टोपलीतून बाळ घेतलं, भाजी चिरायची सुरी घेतली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उजेडात बसल्या. बाळ मांडीवर घेतलं. कापडाचा चेहरा उन्हानं पांढरा झाला होता. सुरीचं टोक त्यांनी जिथं तोंड असायला हवं तिथं टेकवलं आणि त्यांचे हात थांबले. थरथरले नाहीत, नुसते थांबले.

दिंद्रुडला, सासरी, सुद्धा असंच ऊन होतं. माजघराच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा तुकडा समोरच्या उतरंडीवर होता आणि कळा येत होत्या तेव्हा वत्सला त्या तुकड्याकडं बघत होती. तो खालच्या मडक्यावर उतरेपर्यंत सुटायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. तेव्हा ती अगदीच पोर होती. तुळजाबाई सुईण चांगल्या हाताची, गावात सगळ्यांना जन्मताना तिनंच धरलेलं. सासू रुक्मिणीबाई पाठीशी बसलेल्या, वत्सलाचे खांदे धरून. त्याही वाईट नव्हत्या. या गोष्टीत कुणीच वाईट नव्हतं, आणि हे इतक्या वर्षांत वत्सलाबाईंनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं. मग ते सुटलं. अंगातून सगळं निघून गेल्याचा तो हलकेपणा आला, आणि माजघर गप्प झालं. गुडघ्यांवरून ओढलेल्या लुगड्यामुळं तिला पलीकडचं काही दिसत नव्हतं. तुळजाबाईची पाठ तेवढी दिसत होती. मग तुळजाबाई म्हणाली, थाळी आणा. काशाची थाळी आली आणि कुणीतरी ती बडवायला लागलं. जन्मलेलं लेकरू गप्प असलं की कानाशी थाळी वाजवायची, की ते दचकून रडतं. थाळी वाजत राहिली. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, एकदाच, वत्सलानं तो आवाज ऐकला. तांब्यातलं शेवटचं पाणी ओतताना तांब्याच्या गळ्यात जसा गुळगुळ आवाज होतो, तसा. मग पुन्हा थाळी. मग थाळी थांबली.

तिनं मान उचलली तेव्हा रुक्मिणीबाईंनी तिचे डोळे हातानं झाकले. बघू नको माय, म्हणाल्या, बघितलं की मागं लागतं. त्यांच्या तळहाताला हळदीचा वास होता. हात काढला तेव्हा तुळजाबाई नव्हती, बाळाचं गाठोडं नव्हतं, आणि दारातून मोहनरावांची, तिच्या नवऱ्याची, पाठ बाहेर जाताना दिसली. तो मळ्याच्या वाटेनं गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला, अंघोळ करून. काय होतं, असं तिनं पुढं एकदा सासूला विचारलं, बाजरी पाखडताना. पोरगा का पोरगी. रुक्मिणीबाईंनी सूप खाली ठेवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, काय करायचंय आता. नंतर तिला दिवस गेलेच नाहीत. मोहनरावांनी दुसरं केलं. भांडणतंटा काही झाला नाही. माहेरी आली, भाऊ त्रिंबक बीडला कचेरीत होता, त्यानं या दवाखान्यात आणून घातली. ती शिकली. आणि एका सकाळी, याच खोलीत, डॉक्टरीणबाई सांगत होत्या की बाळ रडत नसेल तर आधी तोंड पुसा. गळ्यात पाणी असतं, चिकट, ते गुळगुळ वाजतं. आवाज आला तर समजा की आत जीव आहे आणि बाहेर यायला वाट मागतो आहे.

वर्गातल्या बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. वत्सलाबाईंनीही डोलावली होती. त्या दिवशी त्या बिंदुसरेच्या काठानं खंडेश्वरीच्या टेकडीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या, आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार. आवाज झाला होता का, हेच नक्की नव्हतं. थाळी वाजत होती. कदाचित घंगाळात कुणी तांब्या बुडवला असेल. असेलही. रात्रंदिवस हेच उलटून पालटून बघताना मधली इतकी वर्षं गेली होती आणि आवाज झिजला नव्हता, उलट स्वच्छ होत गेला होता. त्याला तोंड तेवढं नव्हतं. ज्या चेहऱ्यातून तो आला, तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मग सुईदोरा घेऊन बाळाला चेहरा काढायला बसायचं म्हणजे कुणाचा काढायचा? कसाही काढला तरी तो खोटा ठरला असता, आणि चुकून खरा निघाला असता तर? या दुसऱ्या गोष्टीला त्या जास्त भ्यायल्या होत्या. म्हणून कोरा ठेवला. इतरांची भीती काढणाऱ्या बाईनं आपली भीती त्या कोऱ्या कापडाखाली शिवून ठेवली होती आणि वरून सगळ्यांना बोट हवेत फिरवायला शिकवलं होतं. आता त्या बायका कुठं कुठं असतील. माजलगावला, गेवराईला, कुठल्या वस्तीवर. खऱ्या बाळाच्या तोंडासमोर एखादीनं बोट नुसतंच फिरवलं असेल का? या प्रश्नाशी त्यांनी सुरी दाबली.

कापड फाटलं आणि भोपळ्याला चीर गेली. वाळका भोपळा सहज कापत नाही. सुरी डावीकडं घसरली आणि तोंड त्या बाजूला जरा जास्तच फाटलं. त्यांनी आत बघितलं. आत काळोख होता आणि काळोखात भोत, भोपळ्याचा वाळलेला गर, जाळीसारखा, बियांना धरून बसलेला. तोंड झालं, पण ते आतून भरलेलं होतं. बोट आत जाईना. वत्सलाबाईंनी पदराचं टोक करंगळीला गुंडाळलं आणि आत घातलं, हलक्या हातानं, गालाच्या कडेनं, जसं त्या इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. थोडा भोत निघाला. पुन्हा घातलं. आणखी निघाला, दोनचार बिया मांडीवर पडल्या. त्या काढत राहिल्या. बाहेर धुळाजीचे बैल कडबा चावत होते, वॉर्डात कुठलंतरी खरं पोर रडत होतं, आणि त्या मान खाली घालून एका भोपळ्याचं तोंड साफ करत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. हे मी तेव्हा केलं असतं तर, असा विचार त्यांच्या मनात आला नाही. तेव्हा त्या करणाऱ्या नव्हत्याच, त्या पलीकडं पडलेल्या होत्या. त्यांना एवढंच वाटत होतं की कुणीतरी हे करायला पाहिजे होतं, आणि ते राहून गेलं होतं. मग त्यांनी तोंडाच्या कडेनं तांबड्या दोऱ्यानं टाके घातले. डोळे, नाक काढलं नाही. तेवढा धीर नव्हता.

शिवकन्येला बोलावून त्यांनी बाळ तिच्या हातात दिलं. तिनं तोंड बघितलं, करंगळी आत घातली आणि पहिल्या पेरापाशी थांबली. इथवर? तिनं विचारलं. वत्सलाबाईंनी तिचं बोट धरून अर्ध्या पेराइतकं मागं घेतलं. इथवर. मग दोघींनी ते पुन्हा पुन्हा केलं, तोंड, पाठ, गरम पाणी, गार पाणी, तोंडावर फडकं ठेवून हलकी फुंकर. हात थरथरला नाही. शिवकन्या जाताना हसली सुद्धा. रडतंच ना बाई शेवटी, एवढं केल्यावर? तिनं विचारलं. आणि वत्सलाबाईंनी, तिची भीती मुळासकट जावी म्हणून, सांगितलं की रडतं. एवढं केलं की रडतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिनाबीच्या सुनेला खऱ्याच कळा सुरू झाल्या आणि अमिनाबी घरी निघून गेली. डॉक्टरीणबाई टेबलाशी येऊन बसल्या, हातात टाक, पुढं दौत. हैदराबादच्या होत्या, उंच, डोळ्याखाली काळं, बोलायला कमी. खाट रिकामी होती. खाटेवर कोण, असं त्यांनी विचारलं. बायका एकमेकींच्या मागं सरकल्या. शिवकन्या टोपलीपाशी उभी होती आणि तिचा उजवा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता. फाटकाशी गाडी जुंपून तयार होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येत होता. वत्सलाबाई खाटेवर चढल्या आणि निजल्या. कुणीतरी टोपली ठेवली, गोधडी टाकली. छताचे वासे दिसले, त्यांतला एक वाळवीनं खाल्लेला होता आणि तो आपल्याला इतक्या दिवसांत दिसलाच नाही, असं त्यांना वाटलं. गुडघ्यांवरच्या गोधडीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली. शिवकन्येचा आवाज येत होता, शिकवल्यासारखं सगळं मोठ्यानं म्हणत होती. डोकं आलं. नाळ गळ्यात नाही. खांदा. वत्सलाबाई विव्हळायला विसरल्या. टोपलीतून ज्वारीचं वजन सरकत गेलेलं त्यांना मांडीला जाणवलं आणि मग ते वजन निघून गेलं. तोंड पुसते, शिवकन्या म्हणाली. पाठ चोळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नहीं रोया. गरम पाण्यात धरते. पाणी निथळल्याचा आवाज. गार पाण्यात. नहीं रोया. फुंकर घालते. शांतता, फडक्यातून जाणारा श्वास, पुन्हा शांतता. वत्सलाबाईंना आता पाठ संपल्याचं कळत होतं. याच्यापुढचं त्यांनी शिकवलंच नव्हतं. याच्यापुढं बाळ रडतं आणि परीक्षा संपते.

"नहीं रोया," डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, तशाच थंड आवाजात. "मर गया. अब क्या करते?"

वत्सलाबाई छताकडं बघत पडून राहिल्या. आता पोर कोसळणार, आता बाळ फरशीवर पडणार, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचा इतका राग आला की त्यांनी गोधडी मुठीत धरली. काय गरज होती रडतंच म्हणून सांगायची. कापडाला काही होत नाही म्हणे. काल रडतंच म्हणताना आपण तिची भीती काढत नव्हतो, आपलीच झाकत होतो. पावलांचा आवाज आला. शिवकन्या खाटेला वळसा घालून उशाशी आली. बाळ तिनं फडक्यात नीट गुंडाळलं होतं, पायापासून हनुवटीपर्यंत. चेहरा उघडा ठेवला होता. तिचा हात थरथरत होता, पण बाळ तिनं छातीशी धरलेलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "लेकरू न्हाई रडलं. मला येत होतं ते समदं केलं मी. तुमाला बघायचं का?"

रुक्मिणीबाईंच्या हाताचा हळदीचा वास वत्सलाबाईंच्या नाकाशी आला. डोळ्यांवर मात्र कुणाचा हात नव्हता.

"दाव," त्या म्हणाल्या.

शिवकन्येनं बाळ त्यांच्या दंडावर ठेवलं. ओलं झालं होतं, आणि ज्वारी भिजल्यामुळं जड. डोळे नव्हते. तोंड डावीकडं जास्त फाटलेलं, तांबडा दोरा ओला होऊन कापडाला चिकटलेला. ते कुणासारखंही नव्हतं. ते इतकं साधं, इतकं लहान होतं की याला आपण इतकी वर्षं भीत होतो यावर वत्सलाबाईंचा विश्वास बसेना.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "पोरगा का पोरगी?"

मागं कुणी हसेल असं वाटलं, पण कुणी हसलं नाही. शिवकन्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तुमाला कुनीच सांगितलं न्हाई?" तिनं हळू आवाजात विचारलं.

वत्सलाबाईंनी मान हलवली, नाही.

"मग तुमीच सांगा."

"पोरगी," वत्सलाबाई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांनी जरा वाट बघितली, कुणी चूक आहे म्हणतंय का. कुणी म्हणालं नाही.

टेबलाशी टाक दौतीत ठेवल्याचा आवाज झाला. पास है, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, हळू, की आता उठा बाई, झालं. बायकांचा श्वास सुटला, कुणीतरी धुळाजीला सांगायला फाटकाकडं धावलं. वत्सलाबाई उठल्या नाहीत. बाळाच्या तोंडात पाणी साचलं होतं. त्यांनी पदराचं टोक करंगळीला गुंडाळलं आणि ते टिपायला लागल्या.